चिबासानचा वासा

आमच्या सासरच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या लाकडं चोरली गेली, पण पकडली गेलेली पहिली व्यक्ती मी.

माहेरच्या पुणेकर मंडळींनी हे वाचून लगेच फोन करू नये. कोकणात शिमग्याला होळीची लाकडं विकत आणत नाहीत, चोरतात. पोरं रात्री निघतात आणि कुणाच्या परड्यातला ओंडका, कुणाच्या कुंपणाची दांडकी, कुणाची मोडकी बाज, हाताला लागेल ते होळीवर नेऊन टाकतात. ज्याचं गेलं तो अंगणात उभा राहून चोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण होळीत पडलेलं लाकूड परत मागायचं नाही, हा कायदा! माझे सासरे, अण्णा, तरुणपणी या विद्येत इतके तयार होते की म्हणे एकदा त्यांनी झोपलेल्या माणसाला बाजेसकट उचलून नेलं. (माणूस होळीपाशी जागा झाला आणि बाज गेल्याचं विसरून बोंब मारायला उभा राहिला. निदान अण्णा तरी असंच सांगतात.)

तर हे अण्णा गुहागरजवळच्या आपल्या वाडीतून उठून फेब्रुवारीत आमच्याकडे जपानात, सेंदाईला आले. मी इथल्या विद्यापीठात यीस्टवर संशोधन करते, नवरा निखिल दुसऱ्या विभागात धातूंवर करतो, आणि आमची मुलगी इरा दुसरीत आहे. ती आम्ही मराठीत विचारलेल्या प्रश्नांना जपानीत उत्तरं देते.

अण्णा आले ती वेळ मात्र वाईट होती. आमच्या घराचा दोन वर्षांचा करार मार्चअखेर संपत होता. हे घर म्हणजे चिबासान नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या घरामागचं छोटं लाकडी घर. सेंदाईत आम्हाला बऱ्याच घरमालकांनी वाकून वाकून 'नाही' म्हटलेलं होतं, 'हो' म्हणाल्या त्या एकट्या चिबासान. करार पुढे चालू ठेवणार का, असं एजंटामार्फत विचारलं तर निरोप आला, "चिबासान विचार करत आहेत." जपानमध्ये कुणी विचार करत असलं की आपण खोके गोळा करायला लागावं! आणि इराने तर आधीच जाहीर केलं होतं, की मी आता पुन्हा शाळा बदलून तिसऱ्या शाळेत जाणार नाही. हेही तिने जपानीत सांगितलं, म्हणजे ते अंतिम होतं.

म्हणून मी घरात शांततेची मोहीम काढली होती. मिक्सर टॉवेलात गुंडाळून लावायचा. फोडणी मंद आचेवर, म्हणजे मोहरीने तडतडायचं नाही, नुसतं पुटपुटायचं. निखिलला शिंक आली तर उशी तयार! दोन वर्षांत आमच्या घरातून चिबासानच्या कानावर भारतीय म्हणता येईल असा एक आवाज गेला नव्हता. आणि आता आत आले अण्णा, ज्यांचा आवाज समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलण्यासाठी घडवलेला!

"अण्णा, श्श!" हे मी दिवसाला इतक्या वेळा म्हणे, की इरा त्यांना 'श्श-आजोबा' म्हणायला लागली.

होळी जवळ आली. इथल्या मराठी मंडळींनी शनिवारी संध्याकाळी नदीकाठच्या मैदानात होळी ठरवली. तिथे बार्बेक्यूची परवानगी असते. लोखंडी पिंपात विस्तव पेटवायचा, भोवती उभं राहून पुरणपोळी खायची, राख गार करून परत आणायची. लाकडं दुकानातून आणायची.

"विकत?" अण्णा म्हणाले. "होळीची लाकडं विकत? अगो, मग नारळाऐवजी कणसं भाजा नि घरी जा."

"अण्णा, इथे रस्त्यावर पडलेली छत्रीसुद्धा कुणी उचलत नाही."

"म्हणूनच इथल्या लोकांना हाताला काही काम नाही!"

त्यानंतर ते बोललेच नाहीत. बर्फाकडे बघत बसून राहिले. आता मला हवी होती शांतता आणि मिळाली होती शांतता, पण ती काही बघवेना. मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. सौरभ नावाचा एक पीएचडीचा मुलगा दोन गल्ल्या सोडून राहतो. मी दुकानातून सरपणाची मोळी आणली, सौरभच्या सायकलींच्या शेडमध्ये ठेवली, आणि गुरुवारी अण्णांच्या कानात सांगितलं, "सौरभकडे लाकडं आहेत. रात्री जाऊ या?"

अण्णांनी माकडटोपी घातली आणि वयाची चाळीस वर्षं उतरवून ठेवली!

निखिल इराला झोपवता झोपवता स्वतःच झोपला होता. आम्ही दोघं चोर निघालो. वाटेत कुत्रं फिरवणारे एक गृहस्थ भेटले, त्यांनी वाकून शुभरात्रीचा नमस्कार केला. अण्णांनीही केला. "चोराला नमस्कार करतात," ते हळहळले, "काय हे गाव!"

सौरभच्या शेडमध्ये त्यांनी मोळी उचलली, उलटीपालटी केली, हुंगली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. सगळी लाकडं एका लांबीची होती. सुबक दोरीने बांधलेली होती. आणि एका लाकडाला किमतीचा स्टिकर तसाच होता.

"मंजिरी," ते शांतपणे म्हणाले, "सून असून सासऱ्याला बाहुल्यांच्या खेळातली चोरी करायला आणलंस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोळी तिथेच ठेवून आम्ही परत निघालो. आमच्या घराकडे जायची पायवाट चिबासानच्या घराच्या बाजूने जाते. तिथे भिंतीला लागून निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी अडगळ रचलेली होती. आम्ही आलो तेव्हापासून होती, मी कधी आत डोकावले नव्हते. अण्णा तिथे थांबले, ताडपत्रीचं टोक उचललं, आणि त्यांचा चेहरा उजळला. आत जुने, जाडजूड, काळपट झालेले लाकडी वासे होते.

"अण्णा, नाही हं! ते घरमालकीणबाईंचं आहे!"

"मग तर झालंच. ओळखीच्या माणसाचंच चोरायचं असतं. अनोळख्याचं नेलं तर ती खरी चोरी!"

"अण्णा, आपलं घर जाईल!"

पण तोवर एक वासा अर्धा बाहेर आला होता. तो एकट्याला पेलणारा नव्हता. एक टोक अण्णांच्या खांद्यावर, दुसरं टोक खाली घसरायला लागलेलं. पडू द्यावं तर असा दणका झाला असता की चिबासानच काय, अख्खी गल्ली उठली असती. मी काय करणार? मी ते टोक झेललं आणि खांद्यावर घेतलं. आयुष्यभर पीएचडी, पोस्टडॉक वगैरे करून शेवटी मी इथे पोहोचले होते.

"वळ," अण्णा कुजबुजले. (अण्णांची कुजबुज म्हणजे इतरांचं भाषण.)

मी वळले. वासाही वळला. त्याचं मागचं टोक चिबासानच्या खिडकीखालून गेलं आणि माणसाची चाहूल लागताच आपोआप लागणारा तो भगभगीत दिवा लागला! घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे आधी वासा फिरला होता, आता घर फिरायचं तेवढं बाकी होतं.

खिडकी उघडली. चिबासान. अंगात रुईभरलं जाकीट, डोळ्यांवर चष्मा नाही. आम्ही दोघं उजेडात, खांद्यावर त्यांचा वासा, मूर्तीसारखे उभे. अण्णा मात्र आनंदाने ताठ झालेले. आता शिव्या पडणार! त्यांनी मान थोडी तिरकीसुद्धा केली, नीट ऐकू यावं म्हणून.

चिबासाननी आमच्याकडे पाहिलं. वाशाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जड आहे ना? वाटेत ठेवलाय मी, तुम्हाला अडचण झाली असेल. माफ करा हं." आणि वाकून खिडकी लावून घेतली.

"काय म्हणाली?" अण्णांनी विचारलं.

"माफी मागितली."

"शिवी?"

"नाही."

"एकसुद्धा शिवी दिलीन नाही?" अण्णा खचलेच. "असा अपमान माझा कुणी केला नव्हता!"

माझी मात्र पाचावर धारण बसली. इथे माणूस ओरडला तर आशा असते. चोरीबद्दल चोराची माफी मागितली, म्हणजे एजंटाचा फोन सकाळीच! वासा आमच्या दाराशी टेकवून आत आलो, पण मध्यरात्र उलटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. शेवटी ठरवलं, उजाडताच वासा जसाच्या तसा परत करायचा, मिठाईचा खोका द्यायचा, आणि डोकं जमिनीला टेकेपर्यंत माफी मागायची.

पहाटे निखिलच्या किंचाळण्याने उठले. तो अंघोळीला गेला होता. टबात लाकडाचा भुसा होता, त्याच्यात बसून अण्णा करवत पुसत होते, आणि भिंतीशी वाशाचे तीन तुकडे नीट उभे होते.

"खूण पटता कामा नये," अण्णांनी आम्हाला अडाण्यांना समजावलं. "लाकूड आणलं की पहिल्यांदा तुकडे करायचे. मालक आला तरी म्हणता येतं, हे तुझं कशावरून?"

"त्यांनी आपल्याला बघितलंय, अण्णा!" मी ओरडले.

"श्श," निखिल म्हणाला.

मग निखिलने सूट घातला. मी ठेवणीतली राखाडी साडी नेसले. (माफीची साडी अशी वेगळी नसते, पण असती तर हीच.) इराला दुभाषी म्हणून घेतलं, कारण आमचं जपानी प्रयोगशाळेत चालतं, गुन्हेगारीत नाही. अण्णा तीन तुकडे दोरीने बांधून मागून आले. आम्ही दारात ओळीने वाकलो. मी तोंडपाठ केलेलं माफीचं वाक्य सुरू केलं आणि पहिल्याच क्रियापदाला अडखळले. इराने वैतागून सूत्रं हातात घेतली.

"आजोबांनी तुमचं लाकूड चोरलं. आईने मदत केली. आता ते कापलंय. परत मिळणार नाही, असा नियम आहे."

"इरा!" मी आणि निखिल एकदम.

चिबासाननी त्या तुकड्यांकडे पाहिलं. मग इराला विचारलं, "कशासाठी हवं होतं?"

इराने होळी सांगितली. जुनं, वाईट, नकोसं झालेलं सगळं जाळायचं, भोवती उभं राहून तोंडावर हात आपटून बोंब मारायची. प्रात्यक्षिकही दाखवलं. मी मनात खोके भरायला घेतले होते, आधी स्वयंपाकघराचे.

चिबासाननी आम्हाला आत बोलावलं, चहा दिला. मग म्हणाल्या, "हा आमच्या कोठाराचा वासा. सासऱ्यांनी बांधलं होतं. मार्चमधल्या त्या मोठ्या भूकंपात ते एका अंगाला कललं आणि मग पाडावं लागलं. लाकडं कचऱ्यात द्यायची तर ठरलेल्या मापात कापून, बांधून द्यावी लागतात. दर वर्षी मार्च आला की करवत काढते आणि परत ठेवते." आमचे पेले पुन्हा भरत म्हणाल्या, "किनाऱ्याकडच्या लोकांची घरंच्या घरं त्सुनामीत वाहून गेली. त्यांच्यापुढे एका कोठाराचं काय बोलायचं? म्हणून कुणाला बोलले नाही."

दोन वर्षं मी त्या ढिगाशेजारून जात होते आणि त्याला अडगळ म्हणत होते. आपण भुताटकीसारखे चोरपावलांनी इथे राहिलो, पण या बाईंना कधी एक प्रश्न विचारला नाही, याची मला मनापासून लाज वाटली.

"उरलेलेही न्याल का?" चिबासाननी विचारलं. "मी देते."

इराने मराठीत सांगताच अण्णा उठून उभे राहिले. "दिलेलं चालत नाही! त्यांना म्हणावं, आज रात्री दिवे मालवून झोपा. आम्ही येऊन चोरतो. नि आम्ही दिसलो की ओरडायचं. पोटातून. शिव्या पाहिजेत!"

चिबासान घाबरल्या. "मला ओरडता येत नाही. कधी ओरडलेच नाहीये. भूकंपातसुद्धा नाही, शेजाऱ्यांना त्रास होईल म्हणून."

"मग आतापर्यंतची सगळी थकबाकी आज," अण्णा म्हणाले.

रात्री अण्णा, सौरभ आणि मी पुन्हा निघालो. पाहतो तर ताडपत्री घडी करून ठेवलेली. पायवाट झाडलेली. चोरांना कुसळ टोचू नये म्हणून हातमोज्यांचे तीन जोड मांडलेले, शेजारी थर्मासात गरम चहा! अण्णांनी कपाळावर हात मारला, पण मोजे घातले. आम्ही पहिला वासा उचलला. खिडकी उघडली.

"अहो..." चिबासान पुटपुटल्या.

"मोठ्याने!" अण्णांनी मराठीत सांगितलं. ते त्यांना बरोबर समजलं.

"अहो!"

"अजून!"

चिबासाननी दोन्ही हातांनी चौकट धरली, श्वास घेतला, आणि असा आवाज काढला की माझ्या हातून वासाच सुटला. "मूर्खांनो! चोरांनो! न्या! सगळं घेऊन जा! मेलं ते कोठार!" आणि मग नुसतंच ओरडणं, शब्द नसलेलं, लांबच लांब. अण्णा वाटेत उभे राहून डोळे पुसत होते. "काय आवाज आहे हो बाईचा," ते म्हणत होते, "काय आवाज आहे!"

भूकंपाच्या गावात रात्री कुणी ओरडलं तर त्याचा अर्थ एकच. गल्लीतले सगळे दिवे लागले. धडाधड दारं उघडली आणि माणसं बाहेर आली. पायजम्यात, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर आपत्कालीन पिशवी! पलीकडचे सातोसान तर एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात मांजर घेऊन आले. सगळे शिस्तीत ओळीने उभे राहिले आणि सूचनेची वाट पाहू लागले.

चिबासान खिडकीतून वाकल्या. आवाज बसलेला. "त्रासाबद्दल माफ करा. चोरी चालू आहे. काळजीचं कारण नाही."

गल्लीने आमच्याकडे पाहिलं. मग सातोसाननी मांजर बायकोकडे दिलं, पुढे आले आणि वाशाचं एक टोक उचललं. हेल्मेट होतंच डोक्यावर!

शनिवारी नदीकाठी पंधरा-वीस मराठी माणसं आणि जवळजवळ अख्खी गल्ली होती. पिंपात चिबासानचं कोठार पेटलं. अण्णांनी नारळ आधी त्यांच्या हातात दिला, ज्याचं लाकूड त्याचा पहिला मान म्हणून. त्यांनी तो आगीत सोडला आणि कुणी न सांगता तोंडावर हात आपटून बोंब ठोकली. आमच्या बोंबा तिच्यापुढे खोकल्यासारख्या वाटल्या. सातोसाननी पुरणपोळीला सोयासॉस लावून पाहिला. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

विस्तव निवत आला तेव्हा मी धीर करून विचारलं, "चिबासान, घराच्या कराराचं..."

"हो," त्या म्हणाल्या. "त्याचाच विचार करत होते. तुम्ही दोन वर्षं इतके शांत. एक आवाज नाही. मला वाटलं, तुम्हाला इथे करमत नाही, भिडेखातर राहताय. करार पुढे चालवा म्हटलं तर तुम्ही संकोचाने हो म्हणाल, म्हणून विचारायला धजत नव्हते." मग इराकडे वळून म्हणाल्या, "हे तुझे आजोबा आले आणि मागच्या घरात माणसं राहतात असं पहिल्यांदा वाटलं."

निखिलने माझ्याकडे पाहिलं. इराने माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "श्श!"

पुढच्या आठवड्यात करार झाला. इरा त्याच शाळेत राहिली. मिक्सरचा टॉवेल मी धुवायला टाकला आणि मोहरीला मोकळं सोडलं.

खरं म्हणजे गोष्ट इथे थांबायला हवी होती. पण पुढच्या वर्षी मार्चमध्ये गल्लीच्या मंडळाचा, सूचनेचा कागद लावलेला फलक हातोहात घरोघर फिरत आमच्याकडे आला. त्यावर चिबासानच्या अक्षरात लिहिलं होतं, की यंदाची चोरी शुक्रवारी संध्याकाळी आहे, तरी ज्यांना चोरीला द्यायचं आहे त्यांनी आपलं जुनं लाकूड खिळे काढून, दोरीने बांधून दाराबाहेर ठेवावं आणि ओरडण्यासाठी घरी हजर राहावं. पाऊस आल्यास चोरी शनिवारी सकाळी. खाली ठळक अक्षरात, 'चोरप्रमुख' म्हणून माझं नाव! सोबत दंडावर बांधायची हिरवी पट्टी.

मी तो फलक व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवला. त्यांनी वाडीतल्या ओटीवर बसून तो दोनदा वाचून घेतला.

"ही चोरी?" ते कळवळून म्हणाले. "मंजिरी, ही वसुली आहे गो!"

पण करणार काय? शुक्रवारी प्रयोगशाळेत यीस्टने ऐनवेळी गोंधळ घातला, बसही चुकली, आणि मी हिरवी पट्टी बांधत धावतपळत गल्लीत शिरले. सातोसान कडाक्याच्या थंडीत, डोक्यावर हेल्मेट घालून, ओंडका छातीशी धरून दारात उभे होते. घड्याळाकडे बघत. बायको खिडकीत ओरडायच्या तयारीत ताटकळलेली. मी त्यांच्यासमोर कमरेत वाकले, चोरीला उशीर झाल्याबद्दल दोघांची मनापासून क्षमा मागितली, आणि मग त्यांचा ओंडका चोरला.